हिरव्या लेझरचा बीम मंद व्हायचा, मीटमध्ये सुटला प्रॉब्लेम

माझा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर सुरुवातीला झक्कास चालायचा पण तापला की बीम मंद, मधेच परत उजळ. लेझरवाल्यांच्या मीटला नेला तर सगळे आपापलं काम सोडून जमलेच, एकाने पॉवर मीटर लावला, एका काकांनी इन्फ्रारेड अडवणारा गॉगल आधी माझ्या डोळ्यावर चढवला, कारण आत ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश पण असतो आणि तो दिसत नाही. पंप डायोड, म्हणजे आतल्या क्रिस्टलला ८०८ चा प्रकाश पुरवणारा भाग, तापला की त्याची वेव्हलेंथ सरकते, मग क्रिस्टल ८०८ नीट शोषत नाही, हे त्यांनीच समजावलं. डायोडची उष्णता हीटसिंककडे (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे) नेणारी थर्मल पेस्ट वाळून पार भुगा झालेली. खरवडून नवीन पातळ थर दिला, हीटसिंक घट्ट बसवला, आता रीडिंग हलत नाही. काका आणि मंडळी, मनापासून आभार, पेस्टचेसुद्धा पैसे घेतले नाहीत तुम्ही!