किडनी बसवल्यावर रिजेक्शन कसं टाळायचं: गोळ्या, लेव्हल आणि गुळवेल

नवीन पेशंट भेटला की पहिला प्रश्न हाच, रिजेक्शन झालं, म्हणजे शरीराने नवी किडनी परकी समजून नाकारली, तर कळतं कसं हो? बऱ्याचदा कळतच नाही. ताप, लघवी कमी, पायाला सूज, वजन किंवा बीपी अचानक वर, जांघेच्या वर जिथे नवी किडनी असते तिथे दुखणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन लावायचा, पण कित्येकदा यातलं काहीच नसतं आणि नुसतं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करते का ते यावरून कळतं) चढलेलं असतं. म्हणून स्वतःचा आकडा पाठ पाहिजे. माझा १.२ असतो, उद्या १.६ आला तर कोणी म्हणेल थोडंसंच वाढलंय, आपण मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

१९५४ ला बोस्टनमध्ये पहिली यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झाली ती एकसारख्या जुळ्या भावांमध्ये, त्यामुळे शरीराला ती परकी वाटलीच नाही. मला दिली आईने, म्हणजे अर्धीच जुळणी, मग आहेच टॅक्रोलिमस, रिजेक्शन होऊ नये म्हणून इम्युनिटी दाबणारी गोळी. १२-१२ तासांनी, सकाळी ९ रात्री ९, अलार्म लावून. डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही, फोन करून विचारायचं.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो लेव्हलच्या, म्हणजे रक्तात ही गोळी किती आहे ते बघायच्या टेस्टला. रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी त्यानंतर, म्हणून गोळी डबीत घालून लॅबमध्येच न्यायची. मी एकदा सवयीने घरूनच गिळून गेलो, लेव्हल भलतीच जास्त आली आणि डॉक्टर डोस कमी करणारच होते, बरं झालं मी बोललो, नाहीतर कमी डोसवर रिजेक्शनच ओढवून घेतलं असतं.

फंगसची फ्लुकोनाझोल लेव्हल वाढवते, टीबीची रिफॅम्पिसिन पाडते, जुलाब लागले तरी लेव्हल चढते, तेव्हा दाताच्या डॉक्टरलासुद्धा आधी सांगायचं की किडनी बसवलीय. मेडिकलवाला कंपनी बदलून देत असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही. डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन नको. ग्रेपफ्रूट, पपनस बंद. आणि शेजारच्या काकू गुळवेलाचा काढा आणतात इम्युनिटी वाढवायला, अहो काकू, दर महिन्याला एवढे पैसे घालून आम्ही ती दाबून ठेवतोय!

क्रिएटिनिनचा आकडा वाढला आणि बायोप्सी (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सांगितली तर टाळाटाळ नको, अक्यूट रिजेक्शन लवकर सापडलं तर बऱ्याचदा तीनेक दिवसांच्या स्टेरॉइडच्या सलाइनवर आटोक्यात येतं.

गणपतीला गावी जाताना आठवडाभराच्या जास्तीच्या गोळ्या घ्या, आणि त्या हातातल्या पिशवीत, डिकीत नाही.