मेंदूच्या काचपट्टीवर वय आणि इजा कशी ओळखावी

लातूर-नांदेडकडच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात काम करताना प्रतिपिंडांच्या (ठराविक प्रथिनाला चिकटून ते रंगवायला मदत करणाऱ्या रेणूंच्या) कुप्या वापरेपर्यंत बर्फातच ठेवाव्यात. तारकापेशी या मेंदूतील आधारपेशींमधल्या जीएफएपी या प्रथिनासाठी रंगवलेल्या, मेंदूचा पातळ काप असलेल्या काचपट्टीवर आधी इजेची कड शोधावी. तेथे तारकापेशी फुगलेल्या, जाड फांद्यांच्या आणि एकमेकींत गुंतून व्रणाची भिंत उभारणाऱ्या दिसतात. मात्र श्वेतद्रव्यात (मेंदूच्या चेतातंतूंनी भरलेल्या भागात) हे प्रथिन निरोगी मेंदूतही भरपूर असते, म्हणून तुलना निरोगी मेंदूच्या त्याच भागाशी करावी. नवखे बहुधा इथेच फसतात. आयबीए-१ या प्रथिनासाठी रंगवलेल्या सूक्ष्मग्लिया, म्हणजे मेंदूतील संरक्षक पेशी, इजेजवळ आखूड फांद्यांच्या, गोलसर होतात, तर म्हातारपणी त्यांच्या फांद्या मणी ओवल्यासारख्या गाठाळ आणि तुटक दिसतात. वृद्ध मेंदूत पृष्ठभागालगत हिमॅटॉक्सिलिन या रंगाने निळसर रंगलेले गोल कॉर्पोरा अमायलेशिया (वयानुसार साठणारे सूक्ष्म कण) आढळल्यास केवळ त्यावरून इजेचे निदान करू नये.