वर्गणीदारांच्या यादीतून पत्त्यांची लेबलं छापताना

तीन-चारशे वर्गणीदारांना दिवाळी अंक पोस्टानं पाठवायचा, तर हातानं पत्ते लिहिण्यात दोन दिवस जातात. एक्सेलची यादी आणि वर्डमधलं मेल मर्ज (यादीतले पत्ते आपोआप लेबलांवर भरणारी सोय) वापरलं तर ते एका दुपारचं काम आहे. त्या दुपारचा मोठा वाटा मात्र यादी नीट करण्यात घालवावा. लेबल वाकडं छापलं गेलं तर कागद वाया जातो. पत्ता चुकला तर अंकच परत येतो.

यादीच्या पहिल्या ओळीत फक्त रकान्यांची नावं हवीत: नाव, पत्ता१, पत्ता२, गाव, तालुका, जिल्हा, पिन. वर संस्थेचं नाव किंवा जोडलेले सेल ठेवू नका, कारण वर्ड पहिली ओळच रकान्यांची नावं म्हणून वाचतं. ‘ता.’ आणि ‘जि.’ ही अक्षरं लेबलावर वेगळी टाकू नका, सेलमध्येच ‘ता. सिन्नर’ असं पूर्ण लिहा. नाहीतर पुण्या-मुंबईच्या पत्त्यांवर नुसतं ‘ता.’ लोंबकळत राहतं.

पिनचा रकाना भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करून घ्या. भारतातला कोणताही पिन शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे इथे फरक जाणवत नाही. पण न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या वर्गणीदाराचा झिप कोड (तिथला पिन) ०८८२० एक्सेलमध्ये ८८२० होऊन बसतो. सगळे पिन एकाच लिपीच्या आकड्यांत आणि मधे जागा न सोडता लिहिले, तरच क्रमवारी बरोबर लागते. मर्ज करण्याआधी यादी पिननुसार लावली की एका भागाचे अंक आपोआप एका गठ्ठ्यात येतात.

जुनी यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडल्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली, तर ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडा.

आता वर्ड. ‘मेलिंग्ज’, ‘स्टार्ट मेल मर्ज’, ‘लेबल्स’ या वाटेनं जा. ए४ कागदावर २४ लेबलांचा ताव (३ उभ्या रांगा, प्रत्येकी ८) सोयीचा पडतो. एव्हरी कंपनीचा एल७१५९ त्याच मापाचा, ६३.५ × ३३.९ मिमी. ‘सिलेक्ट रेसिपिएंट्स’मधून यादी जोडा, पहिल्या लेबलात फील्ड (यादीतल्या रकान्यांच्या जागा) घाला आणि ‘अपडेट लेबल्स’ दाबा. हे बटण विसरलं तर प्रत्येक तावावर पहिलंच लेबल भरतं, बाकीची कोरी राहतात. फील्डच्या ओळी शिफ्ट-एंटरनं नव्हे, साध्या एंटरनं तोडा आणि फील्डपुढे स्वल्पविराम लावू नका. मग ‘पत्ता२’ रिकामा असला तरी मधे कोरी ओळ येत नाही. शेवटी ‘फिनिश अँड मर्ज’मधून ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ घ्या. थेट छापू नका, आधी सगळी पानं डोळ्यांखालून घाला.

अक्षराचा आकार बदलूनही मराठी मजकूर तेवढाच राहिला, तर कंट्रोल-डी दाबा आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’खालचा आकारही बदला. वर्ड देवनागरीचा आकार तिथून घेतं. निर्मला यूआय ११ पॉइंट आणि ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ १४ पॉइंट ठेवलं तर सहा ओळी मावतात. अंतर याहून फार कमी केलं की वेलांट्या आणि रफार कापले जातात. पिन ठळक करा.

पहिलं पान साध्या कागदावर छापा, लेबलांच्या तावावर ठेवा आणि दोन्ही उजेडासमोर धरा. मजकूर सगळीकडे सारखाच सरकलेला असेल तर मार्जिन बदला. वरून खाली सरकणं वाढत गेलेलं दिसलं तर पान लहान-मोठं होऊन छापलं जातंय: प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ काढा, १०० टक्के ठेवा आणि कागद ‘लेटर’ नसून ‘ए४’ आहे ना, ते पाहा. कागदाचा प्रकार ‘लेबल्स’ निवडा आणि ताव मॅन्युअल ट्रेमधून थोडे थोडे घाला.

लेझर प्रिंटरला लेझरचेच ताव लागतात. अर्धवट वापरलेला ताव त्यात पुन्हा घालू नका. उष्णतेनं गोंद मऊ होतो, सुटलेलं लेबल फ्यूजरला (प्रिंटरमधल्या तापणाऱ्या रोलरला) चिकटतं आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्या तावांहून जास्त होतो. शेवटच्या तावावर उरलेल्या लेबलांवर ऐनवेळी आलेल्या वर्गणीदारांचे पत्ते पेनानं लिहा.