झडपेच्या रुग्णांसाठी रक्त पातळ करणारी गोळी : ती घ्यावी कशी, जपावे काय

हृदयाची खराब झालेली झडप काढून धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतली एक गोळी बहुतेक वेळा आयुष्यभरासाठी असते. असेनोकुमॅरॉल किंवा वॉर्फरिन हे तिचे औषधी नाव, आणि बोलण्यात ती ‘रक्त पातळ करायची गोळी’. लहानपणीच्या घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाने ज्यांची हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद झाली आहे आणि ज्यांचे ठोके अनियमित पडतात, अशा रुग्णांनाही, शस्त्रक्रिया झालेली नसली तरी, हीच गोळी दिली जाते. झडपेवर किंवा हृदयाच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ नये आणि ती मेंदूत जाऊन अर्धांगवायू होऊ नये, हे तिचे काम आहे. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, म्हणून गोळीची गरज संपली असे समजणाऱ्या रुग्णाला सर्वांत मोठा धोका असतो, कारण गुठळी होताना कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही.

आपले यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे घटक तयार करते आणि ही गोळी नेमके तेच काम मंदावते. मात्रा थोडी कमी पडली तर गुठळी होते, थोडी जास्त झाली तर रक्तस्राव होतो. या दोन्हींमधली सुरक्षित पट्टी अगदी अरुंद आहे. म्हणून शेजाऱ्याला चालणारी मात्रा आपल्याला चालत नाही आणि आपली गेल्या वर्षीची मात्रा या वर्षी चालेलच असेही नाही.

गोळी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी घ्यावी. संध्याकाळची वेळ सोयीची असते, कारण सकाळी रक्त तपासले आणि मात्रा बदलली, तर तो बदल त्याच दिवशी अमलात आणता येतो. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनाही इफ्तारनंतरची वेळ साधते. तरीही रोजा धरण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. अनेकांना एक दिवस 2 मिलिग्रॅम आणि दुसऱ्या दिवशी 3 मिलिग्रॅम अशी आलटून पालटून मात्रा दिलेली असते आणि तिथे गोंधळ हमखास होतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेखाली त्या दिवशीचा आकडा आधीच लिहून ठेवावा आणि गोळी घेतली की त्यावर खूण करावी. अक्षरओळख नसलेल्या आईवडिलांसाठी घरातल्या एकाच जाणत्या माणसाने हे काम अंगावर घ्यावे. दोघांनी घेतले की गोळी कधी दोनदा दिली जाते, कधी राहूनच जाते. मेडिकलमधून नवे पाकीट आणल्यावर त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा जुन्या पाकिटाशी ताडून पाहावा, कारण 1, 2, 3 आणि 4 मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच नावाने मिळतात.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवली, तर लगेच घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली, तर राहिलेली सोडून द्यावी आणि त्या दिवशीची तेवढीच घ्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. राहिलेला दिवस दिनदर्शिकेत नोंदवून पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावा. ते लपवले, तर तपासणीत आकडा कमी दिसतो, डॉक्टर मात्रा वाढवतात आणि रुग्ण पुन्हा नियमित गोळ्या घेऊ लागला की रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होते.

ज्या तपासणीवर हे सारे अवलंबून आहे, ती म्हणजे पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी रक्ततपासणी; आकडा जितका जास्त, तितके रक्त पातळ. ही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास असतो. महाधमनीच्या जागी धातूची झडप असेल तर तो बहुधा 2 ते 3 आणि मायट्रल झडप बदलली असेल तर 2.5 ते 3.5 ठेवतात; मात्र आपल्यासाठी ठरलेला आकडा डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्यावा. आकडा स्थिर होईपर्यंत तपासणी वारंवार करावी लागते, पुढे साधारण महिन्यातून एकदा. मात्रा बदलल्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा आज गोळी वाढवून उद्याच रक्त तपासण्यात अर्थ नाही. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, आणि नमुना कमी रक्तात भागवू देऊ नये. या तपासणीच्या नळीत औषध आधीच घातलेले असते आणि रक्त खुणेपर्यंत भरले नाही तर आकडा चुकीचा, जास्त येतो. तालुक्याच्या गावी ही सोय नसेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत रक्त घेतात, हे आधी विचारून मगच एसटी धरावी. आकडा पाहून स्वतः मात्रा बदलू नये.

तपासणीचा हा व्याप नको, म्हणून काही जण विनातपासणीच्या नव्या गोळ्या मागतात. त्या गोळ्या इतर अनेक रुग्णांना उपयोगी आहेत, पण धातूच्या झडपेसाठी नाहीत. डॅबिगॅट्रान या नव्या औषधाची धातूच्या झडपेच्या रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाल्यामुळे थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आणि ठोके अनियमित असलेल्या रुग्णांपैकी जुन्या गोळीवर असलेल्यांचे मृत्यू रिव्हारोक्सॅबॅन ही नवी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झाले. जुनी गोळी स्वस्त म्हणून कमी दर्जाची, असा समज कोणी करून देत असेल तर तो मनातून काढून टाकावा.

जेवणाबाबत रुग्णांना अनेकदा ‘पालेभाजी बंद’ एवढेच सांगितले जाते, आणि ते पुरेसे नाही. मेथी, पालक, शेपू, करडईची आणि हरभऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते गोळीचा परिणाम कमी करते, हे खरे आहे. पण नियम पालेभाजी सोडण्याचा नसून प्रमाण सारखे ठेवण्याचा आहे. आठवड्यातून दोनदा वाटीभर भाजी खाणाऱ्याने तसेच खात राहावे. घोटाळा होतो तो हिवाळ्यात, शेतात भाजी फुकट असते तेव्हा ती रोज दोन्ही वेळा ताटात येते आणि उन्हाळ्यात एकदम नाहीशी होते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात बसून खाल्लेली एका दिवसाची हिरव्या भाज्यांची भज्जी चालते. पण त्याच भाज्या पुढे रोज सुरू राहिल्या, तर तपासणी लवकर करून घ्यावी. उलट नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि भगरीवर राहिल्यास किंवा जुलाबामुळे अन्न कमी गेल्यास रक्त जास्त पातळ होऊ शकते. दारू पूर्ण वर्ज्य करावी.

याहून मोठा धोका इतर औषधांचा आहे, आणि आमच्या खेड्यापाड्यांत तो सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. अंग दुखते म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी या रुग्णांच्या पोटात रक्तस्राव घडवू शकते. जुलाबासाठी सर्रास दिले जाणारे मेट्रोनिडॅझोल, तसेच को-ट्रायमॉक्साझोल आणि बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल हे आयएनआर झपाट्याने वाढवतात. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन त्याउलट गोळीचा परिणाम इतका कमी करते की मात्रा पुष्कळ वाढवावी लागते आणि उपचार संपल्यावर तितक्याच काळजीने उतरवावी लागते. ताप किंवा दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, तेही थोडे दिवस. घटक लिहिलेले नसलेली चूर्णे आणि काढे घेऊ नयेत. गावातल्या डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारण्याआधीच ‘मी रक्त पातळ होण्याची गोळी घेतो’ असे सांगावे आणि कमरेवर इंजेक्शन देण्याआधी तर नक्कीच सांगावे, कारण स्नायूत रक्त साकळू शकते. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुरू असेल, तर मात्र ते या भीतीने स्वतःहून बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे. दात काढण्याआधीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. बहुतेक वेळा आदल्या एक-दोन दिवसांत आयएनआर पाहून गोळी चालू असतानाच दात काढता येतो.

काही तरुण मुलींच्या झडपा बदललेल्या असतात आणि लग्नाच्या बोलणीत ही गोष्ट झाकली जाते. याचे परिणाम गंभीर आहेत. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी बाळाच्या वाढीत दोष निर्माण करू शकते, आणि ती अचानक सोडली तर आईच्या झडपेवर गुठळी होऊ शकते. म्हणून मूल हवे असेल तर आधीच, आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात, हृदयाच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांना भेटावे. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही संकोच न करता सांगावे.

नाकातून रक्त आल्यास पुढे वाकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे दाबून धरावा. तरीही थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. लाल किंवा चहाच्या रंगाची लघवी, डांबरासारखी काळी शौचास होणे, मार न लागता उठलेले मोठे काळेनिळे डाग, असह्य डोकेदुखी ही लक्षणे त्याच दिवशी दाखवावीत. डोक्याला मार लागला असेल तर बरे वाटत असले तरी लगेच दाखवावे. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, अचानक दम लागणे, किंवा धातूच्या झडपेचा रोज ऐकू येणारा टिकटिक आवाज बसल्यासारखा वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बीड, जालना, परभणीकडची जी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात, त्यांच्यातल्या रुग्णांसाठी हे सहा महिने सर्वांत कठीण असतात. उचल घेण्याआधीच डॉक्टरांकडून निदान, झडपेचा प्रकार, सध्याची मात्रा आणि हवा असलेला आयएनआर लिहिलेली चिठ्ठी घ्यावी, तिची झेरॉक्स काढून मूळ कागद घरी ठेवावा आणि फोनमध्ये तिचा फोटो असू द्यावा. गोळ्या दोन महिन्यांच्या तरी सोबत असाव्यात आणि त्या कोपीत (झोपडीत) चुलीजवळ किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत न ठेवता सावलीत, कोरड्या झाकणाच्या डब्यात, लेकरांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. कारखान्याजवळच्या शहरात आयएनआर कुठे होतो, हे पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात शोधावे आणि तपासणीच्या दिवसाची सुट्टी मुकादमाला आधीच सांगून ठेवावी. कोयता चालवणाऱ्याला जखम होणारच, म्हणून स्वच्छ कापडाच्या पट्ट्या सोबत ठेवाव्यात आणि जखमेवर किमान दहा मिनिटे न उघडता दाब द्यावा. रक्त तरीही वाहत राहिले तर ती चिठ्ठी घेऊन जवळच्या रुग्णालयात जावे.