नवतप्यात टाकीचा सेन्सर चुकतो, तो असा सुधारा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्याकडे पाण्याचा हिशोब गुंडांनी, म्हणजे पाणी भरायच्या भांड्यांनी, होतो. अशा दिवसांत टाकीवरचा ध्वनिलहरींचा सेन्सर आहे त्यापेक्षा जास्त पाणी दाखवत असेल, तर मोटार उशिरा लागते आणि तोवर लाईन गेलेली असते.

सेन्सर बिघडलेला नसतो. तो आवाज सोडतो आणि पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ मायक्रोसेकंदांत (सेकंदाचा दहा लाखावा भाग) मोजतो. अंतर आपला प्रोग्राम काढतो. बऱ्याच तयार प्रोग्राममध्ये त्या मायक्रोसेकंदांना 58 ने भागलेलं असतं. हा आकडा साधारण 22 अंशांच्या हवेचा. हवा तापली की तिचे रेणू जोरात धावतात आणि आवाजही लवकर परततो.

समजा, पाणी सेन्सरपासून बरोबर 2 मीटर खाली आहे आणि आतली हवा 40 अंशांवर गेली आहे. आवाज 11,250 मायक्रोसेकंदांत परत येतो. भागिले 58, म्हणजे 194 सेंटीमीटर. चूक सहाच सेंटीमीटरची, पण 2 मीटर लांब-रुंद टाकीत ते 240 लिटर झाले: पंधरा लिटरचे सोळा गुंड, जे टाकीत नाहीतच! जानेवारीच्या पहाटे 10 अंशांना उलट होतं, तेच अंतर 204 दिसतं.

आधी तो 58 काढून टाका. त्याजागी हे लिहा:

वेग (मीटर प्रति सेकंद) = 331.3 + 0.606 × तापमान (अंश सेल्सियस)
अंतर (सेंटीमीटर) = मायक्रोसेकंद × वेग ÷ 20,000

तापमानासाठी वायर असलेला, पाणी न शिरणारा डीएस18बी20 हा तापमान मोजणारा सेन्सर घ्या. त्याच्या डेटा आणि पॉवरच्या वायरमध्ये 4.7 किलोओमचा रेझिस्टर लागतो. खरी गोम तो कुठे लावायचा यात आहे. स्लॅबला चिकटवला तर तो तापलेल्या सिमेंटचं तापमान सांगेल. आवाज जातो टाकीतल्या हवेतून, म्हणून तो झाकण आणि पाणी यांच्या मधोमध, आवाजाच्या वाटेतून थोडा बाजूला, लोंबकळत सोडा.

मग खुणा केलेला बांबू टाकीत उभा धरून पडताळा घ्या, एकदा उजाडताना आणि एकदा दुपारी दोनला. सकाळी जुळतं आणि दुपारी सेन्सरचं अंतर एक-दोन सेंटीमीटर कमी येतं, तर ती बहुधा बंद टाकीतली वाफ. दमट हवेत आवाज आणखी थोडा जोरात जातो. बांबूवरच्या अंतराला सेन्सरच्या अंतराने भागा आणि येईल त्या आकड्याने दुपारचं अंतर गुणा.