गेम विकत घेण्याआधी त्याचं कुलूप तपासा

दोन वर्षांपूर्वी गणपतीला कोकणात गावी गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, दुपारची आरती आटोपलेली, आणि भाचा मागे लागला म्हणून लॅपटॉप उघडला. पूर्ण पैसे मोजून घेतलेला, एकट्यानं खेळायचा गेम होता. गावात रेंज नव्हती. पडद्यावर एक चौकट आली: खातं पडताळण्यासाठी इंटरनेटला जोडा. पाच दिवस तो गेम उघडला नाही. "मामा, पण तू विकत घेतलायस ना?" भाच्यानं विचारलं, आणि मला धड उत्तर देता येईना. तेव्हापासून गेम घेण्याआधी मी काही गोष्टी न चुकता तपासतो. त्याच इथे क्रमानं सांगतो.

पायरी १: कुलूप कोणत्या जातीचं, ते ओळखा

गेमची नक्कल होऊ नये म्हणून लावलेल्या तांत्रिक बंधनाला डीआरएम म्हणतात. मी त्याला सरळ कुलूप म्हणतो. डिजिटल दुकानांत ते साधारण तीन प्रकारचं सापडतं.

पहिलं दुकानाचं स्वतःचं. स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान २००३ मध्ये सुरू झालं, आणि २००४ मध्ये हाफ-लाइफ २ हा गेम आला तेव्हा बाजारातून डिस्कचा डबा विकत आणणाऱ्यालाही स्टीमचं खातं उघडावंच लागलं. अशा गेमला एकदा लॉगिन करावं लागतं, पुढे ऑफलाइन मोडवर, म्हणजे नेटशिवाय चालवायच्या सोयीवर, बहुतेक वेळा काम भागतं.

दुसरं तिसऱ्याच कंपनीचं. यातलं सर्वांत परिचित नाव डेन्यूव्हो, ऑस्ट्रियातल्या कंपनीचं. २०१४ पासून ते मोठ्या गेमवर दिसतं. नव्या मशीनवर पहिल्यांदा सुरू करताना ते नेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी घेतं, आणि काही अपडेटनंतर पुन्हा मागतं. खप ओसरला की बरेच प्रकाशक ते काढूनही टाकतात. २०२१ मध्ये आलेल्या रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजमधून ते २०२३ मध्ये काढलं गेलं. घाई नसेल तर थांबण्यात फायदा आहे, तोवर किंमतही उतरलेली असते.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट: गेम कायम सर्व्हरला बांधलेला. युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा. त्यात एकट्यानं खेळायची मोठी कथा होती, तरी ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि ती कथाही सगळ्यांसाठी संपली. यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची मोहीम उभी राहिली, आणि २०२५ मध्ये तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. लोकांना हे किती लागलं, ते त्यावरून कळतं.

पायरी २: दुकानाच्या पानावर कुलूप शोधा

स्टीमवर गेमचं पान उघडा आणि थेट उजव्या बाजूच्या रकान्यात खाली या. सिंगल प्लेअर, क्लाउड सेव्ह वगैरे वैशिष्ट्यांच्या यादीजवळ एक वेगळ्या रंगाची चौकट दिसते. 'थर्ड-पार्टी डीआरएम' असं लिहून पुढे डेन्यूव्होसारखं नाव असतं, किंवा दुसऱ्या कंपनीचं खातं लागेल असं म्हटलेलं असतं. ट्रेलर बघण्याच्या नादात ही चौकट हमखास सुटते.

मात्र चौकट नाही म्हणजे कुलूप नाही, असं धरून चालू नका. स्टीमचं स्वतःचं कुलूप तिथे वेगळं लिहिलेलं नसतं. त्यासाठी पीसी-गेमिंग-विकी या संकेतस्थळावर गेमचं नाव शोधा. तिथे 'अव्हेलेबिलिटी' नावाच्या तक्त्यात प्रत्येक दुकानासमोर कोणतं कुलूप आहे ते दिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता पैसे भरतानाच्या पानावरही नीट पाहा. स्टीमच्या कार्टमध्ये २०२४ च्या ऑक्टोबरपासून एक ओळ दिसते: तुम्हाला मिळतो तो परवाना. कॅलिफोर्नियात हे स्पष्ट सांगणं १ जानेवारी २०२५ पासून कायद्यानं बंधनकारक झालं. भाच्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या ओळीत होतं: विकत घेतला तो गेम नव्हे, खेळायचा परवाना.

पायरी ३: तोच गेम दुसऱ्या दुकानात पाहा

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' घ्या. २०२० मध्ये आलेला हा गेम स्टीम, एपिक आणि गॉग या तिन्ही दुकानांत आला. खेळ तोच, पण तिन्हीकडे हातात पडणारी वस्तू सारखी नाही.

गॉग हे पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २००८ मध्ये सुरू केलेलं दुकान. कुलूप नसलेले गेम विकायचे, हा त्याचा पाया. विचर ३ आणि सायबरपंक २०७७ सारखे अवाढव्य गेमही तिथे कुलपाविना मिळतात. गेम घेतला की इन्स्टॉलरची, म्हणजे गेम मशीनवर बसवायची, फाइल तुमच्या डिस्कवर उतरवता येते, आणि नंतर दुकान राहो न राहो, ती चालते. तरी तिथेही डोळे उघडे ठेवा. २०२१ मध्ये तिथे हिटमॅन हा गेम विक्रीला आला, पण त्याचा बराच भाग ऑनलाइन असल्याशिवाय खुला होत नव्हता. ग्राहकांनी इतका आवाज उठवला की काही आठवड्यांतच गॉगनं तो काढून घेतला.

छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांचे गेम इच डॉट आयओ या संकेतस्थळावर पाहा, तिथले बहुतेक कुलपाविना असतात. एपिक दर आठवड्याला गेम फुकट देतं, ते जरूर घ्या. मात्र कुलपाच्या बाबतीत तिथे प्रत्येक गेम वेगळा तपासावा लागतो.

किंमत पाहताना चलनही पाहा. स्टीमवर रुपयांत दर असतात, आणि बऱ्याचदा ते खरोखर स्वस्त पडतं. दुसरीकडे डॉलरमध्ये आकारणी होत असेल, तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू हवेत आणि बँकेचं शुल्कही हिशोबात धरायला हवं.

माझं मत विचाराल तर मित्रांबरोबर ऑनलाइनच खेळायच्या गेमसाठी मी कुलपाची फिकीर करत नाही, स्वस्त मिळेल तिथून घेतो. पण कथेचा, पुन्हा पुन्हा खेळावासा वाटणारा गेम असेल, तर दोनशे रुपये जास्त देऊन कुलूप नसलेलाच घेतो.

पायरी ४: परताव्याच्या मुदतीतच नेट काढून पाहा

स्टीम आणि एपिकवर घेतल्यापासून १४ दिवसांत, आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गॉगवर ३० दिवसांची मुदत आहे, गेम खेळून पाहिला असला तरी. एवढ्या वेळात चाचणी उरकून घ्या.

स्टीमवर लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करा, 'मॅनेज' आणि मग 'ब्राउज लोकल फाइल्स' निवडा. गेमचं फोल्डर उघडेल. आता स्टीम पूर्ण बंद करा. नुसती खिडकी मिटवून भागत नाही, घड्याळाजवळच्या चिन्हावरून 'एक्झिट' करा. राउटर बंद करा किंवा वायफाय काढा. मग फोल्डरमधल्या गेमच्या ईएक्सई फाइलवर (गेम सुरू करणारी फाइल) डबल क्लिक करा. गेम सरळ सुरू झाला, तर स्टीमचं कुलूप नाही. स्टीम आपोआप उघडायला लागलं, तर आहे. तसं असेल तर निदान ऑफलाइन मोडमध्ये तो उघडतो का, हे पाहा. प्रवासाला निघण्याआधीही घरीच, नेट असताना, एकदा गेम उघडून मग ऑफलाइन मोड लावा. हे मी केलं असतं, तर कदाचित गावी भाच्याला खेळता आलं असतं.

पायरी ५: इन्स्टॉलर उतरवून ठेवा

कुलूप नसलेला गेम घेतला आणि फाइल दुकानातच ठेवली, तर अर्धं काम राहिलं. गॉगच्या लायब्ररीत गेमवर क्लिक केलं की ऑफलाइन इन्स्टॉलरची यादी दिसते. मोठ्या गेममध्ये एक छोटी ईएक्सई फाइल आणि तिच्यासोबत काही जीबीच्या अनेक बिन फाइली असतात. सगळ्या एकाच फोल्डरमध्ये हव्यात. एखादी राहिली तर इन्स्टॉल मध्येच अडतं, आणि ते बरेचदा वर्षभरानं, गरज पडते तेव्हाच कळतं. म्हणून उतरवल्यावर लगेच, नेट बंद करून, एकदा इन्स्टॉल करून पाहा. मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाका.

कायद्याचंही माहीत असू द्या. भारतीय कॉपीराइट कायद्यात, कायदेशीरपणे मिळवलेल्या सॉफ्टवेअरची स्वतःच्या सुरक्षेपुरती बॅकअप प्रत ठेवायला मुभा आहे. पण हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप फोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीतल्या कलम ६५अ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप फोडलेल्या, फाइलींतून व्हायरस येतात ते वेगळंच. आणि कुलूप न लावता गेम विकणाऱ्याचा इन्स्टॉलर चारचौघांत वाटू नका. त्यानं तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो.

गेमला नवा पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला की इन्स्टॉलर पुन्हा उतरवा. फोल्डरच्या नावात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख घाला, आणि नवी आवृत्ती आपल्या मशीनवर नीट चालते हे पाहिल्यावरच जुनी पुसा.