डिसेंबरात पळणं सुटू नये म्हणून
लग्नं, ऑफिसची वर्षअखेर आणि पुण्याची थंडी एकदमच येतात, आणि पहिली गदा येते सकाळच्या पळण्यावर. या महिन्यात ४५ मिनिटांचा हट्ट सोडा. २०च मिनिटं पळा, पण आठवड्यातले तीन वार पक्के ठेवा. बूट, मोजे, कानटोपी रात्रीच दाराशी काढून ठेवा. पहाटे गारठलेल्या बोटांनी कपाटात मोज्याची जोडी शोधत बसलं, की पाय पुन्हा गोधडीकडेच वळतात. माझे कितीदा वळलेत! डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून अंधारात निघणार असाल तर फिकट रंगाचा टीशर्ट घाला. पहिली ५ मिनिटं नुसतं झपझप चाला, आखडलेल्या पोटऱ्या मोकळ्या होतात. आदल्या रात्री लग्नाचं जेवण उशिरा झालं असेल, तर सरळ संध्याकाळी पळा.